ग्राउल थांबल्यावर: ओपेथचा ‘हेरिटेज’

स्टॉकहोमच्या ओपेथ या प्रोग्रेसिव्ह मेटल बँडचा ‘हेरिटेज’ हा दहावा अल्बम सप्टेंबर २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या एकाही गाण्यात बँडचा गायक मिकाएल ओकरफेल्टने ग्राउल (घशातला खरखरीत आवाज) केलेला नाही, हे कळल्यावर बँडच्या जुन्या श्रोत्यांत जो वाद पेटला तो इतक्या वर्षांनंतरही पुरता विझलेला नाही. गोव्यात मेटल मन लावून ऐकणारे थोडेच आहेत. बाहेरच्या माणसाला गोवा म्हटले की किनाऱ्यावरचे ट्रान्स हे नाचाचे संगीत आठवते, आणि मेटलची मोठी मैफल ऐकायची तर आम्हाला बंगळूर किंवा पुणे गाठावे लागते. तरीही फोंडा, म्हापसा आणि मडगाव इथे विखुरलेल्या आमच्या छोट्याशा मित्रमंडळात या एका अल्बमवरून दोन तट पडले होते. एका तटाच्या मते बँडने आपला प्राणच काढून टाकला होता, तर दुसऱ्या तटाला त्यात केवळ धैर्य दिसत होते. मला दोन्ही मते अपुरी वाटतात. ग्राउल गेला याचे मला दुःख नाही. पण तो जे काम करत होता ते काम या अल्बमने दुसऱ्या कशाकडे सोपवले, आणि ते त्याला कुठे साधले व कुठे साधले नाही, हे नीट ऐकून ठरवण्याजोगे आहे.

मेटल न ऐकणाऱ्या वाचकांसाठी एवढे सांगायला हवे की ग्राउल म्हणजे डेथ मेटलमधला, घशाच्या तळातून काढलेला खर्जातला खरखरीत आवाज. त्यात सूर जवळजवळ नसतो; असतो तो आघात. ओपेथच्या गाण्यांत या आवाजाला एक नेमकी जागा होती. ‘ब्लॅकवॉटर पार्क’ (२००१) घ्या. त्यातली दहा-बारा मिनिटांची गाणी जड, आवाज मुद्दाम फाटवून विकृत केलेल्या गिटारवर आणि ग्राउलवर सुरू होतात, मग अचानक सगळे थांबते आणि साध्या तारांच्या गिटारवर ओकरफेल्ट अत्यंत मऊ, सुरेल आवाजात गाऊ लागतो, आणि ती मृदुता ऐकणाऱ्याच्या अंगवळणी पडते न पडते तोच पुन्हा तो आवाज कोसळतो. अशा गाण्यात ध्रुवपद आणि अंतरा यांची मांडणी फारशी उपयोगाची नसते. कोणता भाग संपला आणि कोणता सुरू झाला हे श्रोत्याला ग्राउलच सांगतो. त्याच्याशिवाय मऊ आवाज नुसता गोड वाटला असता. त्याच्या शेजारी तो करुण वाटतो. म्हणजे ज्याला आपण बँडचा आक्रमकपणा समजत होतो तो प्रत्यक्षात रचनेचा आधार होता. तो काढायचा असेल तर गाणे उभे राहण्याची सगळी रीतच बदलावी लागते, आणि ‘हेरिटेज’ ऐकताना हे सतत लक्षात ठेवावे लागते.

बदल अचानक झाला असे मात्र म्हणता येत नाही. ओकरफेल्ट हा सत्तरच्या दशकातल्या प्रोग्रेसिव्ह रॉकच्या विस्मृतीत गेलेल्या तबकड्या वेड लागल्यासारखा गोळा करणारा माणूस आहे, आणि त्या वेडाच्या खुणा बँडच्या अगदी डेथ मेटल काळातही उघड दिसतात. ‘माय आर्म्स, युअर हर्स’ या १९९८ च्या अल्बमचे नाव कोमस या ब्रिटिश गटाच्या १९७१ मधल्या एका गाण्यातल्या ओळीवरून घेतलेले आहे. ‘ब्लॅकवॉटर पार्क’ हे सत्तरच्या दशकातल्या एका जर्मन बँडचे नाव आहे. आणि ‘डॅम्नेशन’ (२००३) तर पूर्णपणे ग्राउलविरहित होता, मेलोट्रॉन या ध्वनिफितींवर चालणाऱ्या कीबोर्डच्या धुक्यात बुडालेला होता, आणि तो कुणालाही खटकला नाही. न खटकण्याचे कारण सोपे आहे. तो ‘डिलिव्हरन्स’ या अतिशय जड अल्बमच्या जोडीने ध्वनिमुद्रित झाला होता आणि त्याच्या पाठोपाठ काही महिन्यांत आला होता. एका हाताला जडपणा पुरेपूर मिळालेला असल्यामुळे दुसऱ्या हातातली मृदुता श्रोत्यांनी आनंदाने स्वीकारली. विरोध एका गाण्याच्या आत होता तो दोन अल्बमांमध्ये वाटला गेला, एवढेच. ‘हेरिटेज’ मात्र एकटा आला.

त्याच्या आधीचा ‘वॉटरशेड’ (२००८) मला आता पूर्वीपेक्षा फार महत्त्वाचा वाटतो, कारण जुनी रीत तिथे आतूनच सैल झालेली ऐकू येते. गिटारवादक पेटर लिंडग्रेन आणि ड्रमर मार्टिन लोपेझ बँडमधून बाहेर पडले होते. फ्रेडरिक ओकेसन आणि मार्टिन अक्सेनरोट यांचा बँडसोबतचा हा पहिलाच स्टुडिओ अल्बम. सात गाण्यांच्या या अल्बमची सुरुवातच एका शांत गाण्याने होते, ज्यात नाताली लोरिक्स या गायिकेचा आवाज आहे. त्यानंतरचे ‘एअर अपॅरंट’ हे गाणे संपूर्णपणे ग्राउलमध्ये आहे, त्यात सुरेल गायनाची एकही ओळ नाही. चौथे ‘बर्डन’ हे संपूर्णपणे सत्तरच्या दशकातल्या धाटणीचे, हॅमंड ऑर्गनच्या लांब एकलवादनाचे संथ गाणे आहे. म्हणजे एकाच गाण्यात नांदणारे दोन स्वभाव आता वेगवेगळ्या गाण्यांत राहायला गेले होते. ‘द लोटस ईटर’ हे गाणे तर त्याहून पुढे जाते. त्यात ड्रम्सचा तुफानी मारा चालू असताना त्यावर ग्राउल येईल अशी आपली अपेक्षा असते आणि येतो तो सुरेल आवाज; पुढे सगळे थांबून कीबोर्डचा एक चक्क नाचरा तुकडा लागतो. जड वाद्यमेळावर जड आवाज आणि मऊ वाद्यमेळावर मऊ आवाज, हा वर्षानुवर्षांचा नियम त्या गाण्यात मोडलेला आहे. आणि ‘बर्डन’च्या शेवटी गिटार वाजत असतानाच तिच्या खुंट्या सैल केल्या जातात, त्यामुळे सुंदर चाल हळूहळू बेसूर होत होत विरघळते. त्या काळात मला ती एक गंमत वाटली होती. आता ऐकताना असे वाटते की आपल्या हुकमी सौंदर्याचा कंटाळा आलेला संगीतकार ते सौंदर्य स्वतःच्या हाताने उतरवून ठेवतो आहे.

२००९ साली चेन्नईच्या आयआयटीमधल्या ‘सारंग’ महोत्सवात ओपेथ वाजवून गेला तो याच ‘वॉटरशेड’च्या काळात. आमच्यातले काही जण तिथे जाऊन आले आणि पुढची दोन वर्षे त्यांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. साहजिकच, त्यांच्या मनातला पुढचा अल्बम म्हणजे अधिक मोठा, अधिक जड ‘वॉटरशेड’ असा होता.

गंमत म्हणजे ओकरफेल्टच्या मनातही सुरुवातीला तेच होते. त्याने नव्या अल्बमसाठी पहिली दोन गाणी ‘वॉटरशेड’च्याच वळणाची लिहिली होती. ती बेसवादक मार्टिन मेंडेझला ऐकवल्यावर, अल्बम याच दिशेने जाणार असेल तर आपली निराशा होईल असे मेंडेझने स्पष्ट सांगितले, आणि ओकरफेल्टने ती दोन्ही गाणी बाजूला टाकून नव्याने सुरुवात केली. हा प्रसंग त्याने मुलाखतींत सांगितलेला आहे आणि मला तो फार मोलाचा वाटतो. बँडच्या शैलीतल्या बदलाविषयी बोलताना आपण नेहमी मुख्य गायकाच्या लहरीविषयी बोलतो. इथे मात्र पाठीमागे उभा राहून खालचे सूर सांभाळणाऱ्या माणसाने तो निर्णय घडवून आणला, आणि ‘हेरिटेज’मध्ये मेंडेझचा बेस इतका पुढे, इतका गोलसर आणि बोलका का ऐकू येतो याचे उत्तरही बहुधा त्यातच आहे. पूर्वी दोन विकृत गिटारींच्या भिंतीमागे तो अर्धा झाकला जात असे.

ध्वनिमुद्रण स्टॉकहोमच्या अटलांटिस स्टुडिओत झाले. याच वास्तूत पूर्वी मेट्रोनोम नावाचा स्टुडिओ होता आणि आबा या गटाची गाणी तिथे ध्वनिमुद्रित झाली होती. मिश्रणाचे काम स्टीव्हन विल्सनने केले, ज्याने दहा वर्षांपूर्वी ‘ब्लॅकवॉटर पार्क’च्या निर्मितीत मोठा वाटा उचलला होता. आवाज मुद्दाम फुगवून मोठा केलेला नाही, त्यामुळे हळू भाग खरोखर हळू आहेत आणि ते ऐकायला पावसाळ्यात आमच्याकडे खिडक्या लावून घ्याव्या लागतात. गिटारींची विकृती कमी केली आहे. अक्सेनरोट, ज्याच्या दोन्ही पायांचा वेग ही ‘वॉटरशेड’ची एक मोठी ताकद होती, तो इथे जॅझच्या ड्रमरसारखा हलक्या हाताने, झांजांच्या कडांवर वाजवतो. पेर वीबेर्ग हा कीबोर्डवादक ध्वनिमुद्रणानंतर बँडमधून बाहेर पडला. ट्रॅव्हिस स्मिथने काढलेल्या मुखपृष्ठावर एका झाडाला फळांच्या जागी बँडमधल्या वादकांचे चेहरे लागलेले आहेत आणि त्यातला वीबेर्गचा चेहरा गळून पडताना दाखवला आहे. त्याच झाडाची मुळे खाली सैतानाच्या राज्यापर्यंत गेलेली आहेत. ज्यांना बँडने आपला भूतकाळ नाकारला असे वाटते त्यांनी ते चित्र एकदा नीट पाहावे.

अल्बमचा पहिला तुकडा, ज्याच्यावरून अल्बमला नाव मिळाले, तो दोन मिनिटांचे एकल पियानोवादन आहे. वीबेर्गच्या जागी आलेल्या योआकिम स्वालबेर्गने तो वाजवला आहे. त्यामागे यान योहानसन या स्वीडिश जॅझ पियानोवादकाची प्रेरणा आहे हे ओकरफेल्टने लपवलेले नाही. योहानसनने १९६४ मध्ये आलेल्या आपल्या अल्बमात जुन्या स्वीडिश लोकगीतांच्या चाली फक्त पियानो आणि बेस यांवर, अतिशय थोडक्या सुरांत मांडल्या. चालीला धक्का लावला नाही, पण तिच्या भोवतीचा सगळा साज उतरवून ठेवला. १९६८ साली मोटार अपघातात तो गेला. त्याचे दोन मुलगे, येन्स आणि आंदेर्स, पुढे मेटलमध्ये गेले. एकाने स्ट्रॅटोव्हॅरियसमध्ये कीबोर्ड वाजवला, दुसऱ्याने हॅमरफॉलमध्ये ड्रम्स. मेटलच्या श्रोत्यांना परका वाटलेला तो पियानो मेटलच्या घराशी इतका जवळचा होता.

१९६४ हे साल वाचल्यावर फोंड्याच्या माणसाला दुसरी एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. त्याच वर्षी दि गोवा हिंदू असोसिएशनने मुंबईत ‘मत्स्यगंधा’ हे वसंत कानेटकरांचे नाटक रंगभूमीवर आणले आणि आमच्या मंगेशीच्या पंडित जितेंद्र अभिषेकींनी त्याला संगीत दिले. नाट्यपद म्हणजे वेळेचा हिशेब न ठेवता ताना घेत रंगवायची गोष्ट, अशी सवय झालेल्या रसिकांपुढे त्यांनी आटोपशीर, प्रसंगाला धरून चालणारी, आणि तरीही रागाचा धागा न सोडणारी पदे ठेवली. स्वतः ख्यालाची उत्तम तालीम असलेल्या माणसाने ताना आखडत्या घेतल्या होत्या, येत नसल्यामुळे नव्हे. ओकरफेल्ट ग्राउल सोडतो त्याकडे मी याच दृष्टीने पाहतो. २००८ मध्ये त्याचा ग्राउल या संगीतप्रकारातल्या सर्वोत्तम आवाजांपैकी होता, खणखणीत आणि प्रत्येक शब्द कळेल असा. ज्याच्यापाशी ती विद्या भरपूर होती त्यानेच ती बाजूला ठेवली, आणि म्हणून त्या त्यागाला वजन आहे. फरक एवढाच की अभिषेकींना नव्या मार्गाचे पहिलेच पाऊल जवळजवळ निर्दोष टाकता आले, ओकरफेल्टला ते जमले नाही.

गोव्याच्या कानाला ‘हेरिटेज’मधला आणखी एक घटक मुळीच नवा नाही, तो म्हणजे ऑर्गन. आमच्याकडे तो दोन्ही बाजूंनी कानावर पडलेला असतो. एका बाजूला चर्चमधला, आणि दुसऱ्या बाजूला देवळाच्या जत्रेत रात्रभर चालणाऱ्या संगीत नाटकाच्या साथीचा पायपेटीचा सूर. आमच्या शेजारी राहणाऱ्या आप्पांनी तरुणपणी अशा कितीतरी नाटकांना साथ केली आहे. त्यांना मी ‘बर्डन’मधले ऑर्गनचे वादन ऐकवले होते तेव्हा डोळे मिटून, मांडीवर बोटे टेकवून त्यांनी ते पुरते ऐकले आणि म्हणाले, “अरे, हा डाव्या हातानं सूर धरून ठेवतो. आमच्यासारखंच करतो की.” पुढे ‘हेरिटेज’मधली एक-दोन गाणीही त्यांनी आपणहून ऐकवायला सांगितली. ग्राउलच्या गाण्यांच्या वाटेला मात्र ते कधी गेले नाहीत.

ऑर्गनच्या जोडीला या अल्बमवर मेलोट्रॉनची दाट सावली आहे. हे वाद्य म्हणजे प्रत्येक पट्टीखाली बासरी, व्हायोलिन किंवा गायकवृंद यांच्या एकेका सुराची ध्वनिफीत असलेला कीबोर्ड. पट्टी दाबली की फीत सरकू लागते, आणि फीत साधारण आठ सेकंदांचीच असल्यामुळे सूर त्यापुढे धरताच येत नाही. म्हणून मेलोट्रॉनचा आवाज नेहमी थोडा थरथरता, थोडा धाप लागल्यासारखा असतो. ‘आय फील द डार्क’ या गाण्यात साध्या गिटारवरचा एकच घोळवलेला तुकडा बराच वेळ चालतो, आणि मग मधोमध मेलोट्रॉन आपली काळी छाया टाकतो. पूर्वी या जागी ग्राउल आला असता. भीती तीच आहे, ती निर्माण करणारे साधन मात्र आवाज न चढवता काम करते.

आणि इथे मी माझ्या मुख्य मुद्द्यापाशी येतो. ‘हेरिटेज’मध्ये ग्राउलचे काम प्रामुख्याने शांततेकडे सोपवलेले आहे. जुन्या ओपेथमध्ये मऊ आणि जड हे दोन काठ होते आणि गाणे त्यांच्यामध्ये हेलकावत असे. या अल्बममध्ये एक काठ म्हणजे वाद्यमेळ आणि दुसरा काठ म्हणजे जवळजवळ काहीच न वाजणे. ‘नेपेंथी’ ऐका. ड्रम्सचा अगदी मंद स्पर्श, बेसचे दोन-चार सूर, मध्ये पोकळी, आणि त्या पोकळीत कान स्थिरावतो तेवढ्यात गिटारचा एक धारदार झोत येऊन जातो. ‘हॅक्सप्रोसेस’मध्ये, म्हणजे ‘चेटकिणींवरचा खटला’ अशा अर्थाचे नाव असलेल्या गाण्यात, तर मोठा आवाज जवळजवळ नाहीच, सगळी दहशत दबलेली आहे, आणि त्या नावाला ती शोभते, कारण असले खटले गावातल्या कुजबुजीवरच उभे राहत असत. ‘फॅमिन’ हे मला या अल्बमचे सर्वोच्च गाणे वाटते. त्याची सुरुवात पेरूचे आलेक्स आकुन्या यांच्या हाताने वाजवलेल्या तालवाद्यांनी आणि ब्यर्न यासन लिंड या ज्येष्ठ स्वीडिश वादकाच्या बासरीने होते. मग ते सगळे थांबते आणि एकटा पियानो आणि एकटा आवाज उरतो. त्यानंतर गाणे एकदम धाव घेते, आणि शेवटाकडे एक अत्यंत संथ, अत्यंत जड रिफ (गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) येते जिच्यावर लिंडची बासरी फुंकरीसकट, श्वासासकट किंचाळते. जडपणा हवा असणाऱ्यांसाठी तो तिथे पुरेपूर आहे. त्याचा उच्चार मात्र बासरी करते. आमच्याकडे बासरी म्हटली की जी गोडी मनात येते तिच्याशी त्या आवाजाचा काही संबंध नाही.

आता जे साधले नाही त्याविषयी. शांतता हे साधन फार कठीण असते, कारण ती आधी येणाऱ्या आणि नंतर येणाऱ्या सुरांना जोडते तरी किंवा तोडते तरी. ‘फॅमिन’मध्ये ती जोडते, आणि इतर काही गाण्यांत ती नुसती तोडते. एक कल्पना संपते, थांबा येतो, दुसरी कल्पना सुरू होते, आणि दोन्ही एकाच गाण्यात का आहेत हे शेवटपर्यंत कळत नाही. जुन्या गाण्यांत हे सांधे ग्राउलच्या जोरावर दिसेनासे होत. तो जोर गेल्यावर ते उघडे पडले. ‘स्लिदर’ हे मे २०१० मध्ये दिवंगत झालेल्या गायक रॉनी जेम्स डिओला वाहिलेले गाणे मनापासून केलेले आहे, याविषयी मला शंका नाही. तरीही ते आदरांजलीपुरतेच राहते. डिओच्या काळातल्या रेनबो या बँडचा वेग त्यात आहे, त्याच्या गळ्याची भव्यता नाही, आणि शेवटी जोडलेला साध्या गिटारचा तुकडा स्वतः सुंदर असूनही त्या गाण्याचा वाटत नाही. दुसरी उणीव गायनाची. ओकरफेल्टचा सुरेल आवाज तोवर दुःखासाठी, आठवणीसाठी, पश्चात्तापासाठी तयार झालेला होता. राग व्यक्त करण्याचे काम नेहमी ग्राउलने केले होते. त्यामुळे ‘द डेव्हिल्स ऑर्चर्ड’सारख्या गाण्यात, जिथे देव मेला असल्याची घोषणा करायची आहे, तिथे वाद्यमेळ जितका धारदार आहे तितका आवाज होत नाही. तो गळा अजून नव्या कामाला सरावत होता. याउलट ‘फोकलोर’च्या शेवटी, जिथे आवाजाला काही सिद्ध करायचे नाही आणि बेस व गिटार मिळून एक चढता तुकडा उंच उंच नेतात, तिथे बँड नव्या रूपात पहिल्यांदा पूर्ण मोकळा झालेला ऐकू येतो.

श्रोत्यांचा राग विक्रीत दिसला नाही. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत ‘वॉटरशेड’ २३व्या क्रमांकापर्यंत गेला होता, ‘हेरिटेज’ १९व्यापर्यंत गेला. राग दिसला तो मैफिलींत. २०११ च्या दौऱ्यात बँडने जुन्या अल्बमांतलीही ग्राउल नसलेली गाणीच निवडली, आणि गर्दीतून जुन्या गाण्यांच्या मागण्या होत राहिल्या. मला हा हट्ट थोडा अनावश्यक वाटतो. नवा अल्बम ग्राउलशिवाय करणे हा कलावंताचा अधिकार आहे. पण ज्या माणसाने तिकीट काढून दूरवरून यायचे त्याला जुन्या दहा वर्षांतले काहीच त्या रूपात न ऐकवणे, हे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. नंतरच्या वर्षांत बँडने जुनी गाणी पुन्हा कार्यक्रमात घेतली ते बरे झाले. त्या दौऱ्यात युरोपात त्यांच्यासोबत पेन ऑफ साल्व्हेशन हा दुसरा स्वीडिश प्रोग्रेसिव्ह मेटल बँड होता. त्यानेही २०१० आणि २०११ मध्ये ‘रोड सॉल्ट’चे दोन भाग काढून सत्तरच्या दशकाकडेच मोर्चा वळवला होता. म्हणजे ही एका माणसाची लहर नव्हती. मेटलच्या तांत्रिक शर्यतीला कंटाळलेली एक पिढी एकाच वेळी त्याच दिशेने पाहू लागली होती.

‘हेरिटेज’मध्ये जे सांधे उघडे राहिले ते ‘पेल कम्युनियन’ (२०१४) मध्ये बुजले. वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेल्या त्या अल्बममध्ये थांबे कमी आहेत आणि आवाजांची जोडणी जास्त. ‘रिव्हर’ या गाण्यात दोन-तीन आवाज एकमेकांना धरून चालतात. ते मी दक्षिण गोव्यातल्या सासष्टीतल्या माझ्या एका मित्राला ऐकवले. तो चर्चच्या वृंदात व्हायोलिन वाजवतो. त्याच्या आजोबांनी पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळेत स्वरलेखन शिकले होते आणि घरात मांडो गायचा तर दुसरा आवाज तिसऱ्या किंवा सहाव्या सुरावर आपोआप लागतो. त्याने पहिल्याच वेळी खालचा आवाज गुणगुणायला सुरुवात केली, आणि गाणे संपल्यावर एवढेच म्हणाला की या माणसाला आता एकट्याने सगळा भार उचलावा लागत नाही. नेमके निदान होते ते. ‘हेरिटेज’मध्ये ओकरफेल्टचा एकटा सुरेल आवाज ग्राउलची रिकामी जागा भरू पाहत होता. तीन वर्षांनी त्याला कळले की ती जागा अनेक आवाजांनी मिळून भरायची असते. म्हणून नव्या श्रोत्याला मी आधी ‘पेल कम्युनियन’ ऐकायला सांगतो आणि मग ‘हेरिटेज’कडे पाठवतो. २०१६ चा ‘सॉर्सरेस’ मला बराच कमकुवत वाटतो, २०१९ चा ‘इन कौडा वेनेनम’ स्वीडिश भाषेत ऐकावा, इंग्रजीत नव्हे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘द लास्ट विल अँड टेस्टामेंट’ आला आणि ग्राउल परत आला. आमच्या मंडळातल्या पहिल्या तटाला मोठा आनंद झाला. बँड घरी परतला असे त्यांनी जाहीर करून टाकले. मी तो अल्बम ऐकला तेव्हा मला तो परतीचा वाटला नाही. त्याची कथा पहिल्या महायुद्धानंतरच्या काळातली आहे; घरातला कर्ता पुरुष मरण पावला आहे आणि त्याचे मृत्युपत्र वारसांपुढे वाचले जात आहे. शेवटचे वगळता गाण्यांना नावे नाहीत, मृत्युपत्राच्या कलमांसारखे क्रमांक आहेत. ज्या जेथ्रो टल या बँडचे संगीत ओकरफेल्ट वर्षानुवर्षे ऐकत आला त्यातल्या इयन अँडरसनने इथे निवेदन केले आहे आणि बासरीही वाजवली आहे. या सगळ्यात ग्राउल प्रामुख्याने त्या मेलेल्या बापाचा आवाज होऊन येतो, मध्येच शब्द तोडत, हुकूम सोडत. ‘ब्लॅकवॉटर पार्क’मध्ये ग्राउल गाण्याच्या एका भागाचा होता, इथे तो एका पात्राचा आहे, आणि त्याच्या आजूबाजूला निवेदन, वृंद, बासरी, तंतुवाद्ये आणि थांबे अशी सगळी माणसे बोलत असतात. हे सगळे बोलायला ती मंडळी २०११ पासून शिकत होती.

सासष्टीच्या त्या मित्राचे मत मात्र वेगळे आहे. त्याला ग्राउल परत आला हेच पटलेले नाही. बापाचा राग दाखवायला ‘फॅमिन’मधली बासरी पुरेशी होती, असे तो म्हणतो, आणि अँडरसनसारखा बासरीवादक हाताशी असताना तिला हे काम न देणे त्याला आळस वाटतो. मी त्याला तिसरे कलम पुन्हा ऐकायला सांगितले आहे, कारण तिथे घशाचा आवाज आणि वाद्यमेळ एकमेकांत ज्या रीतीने अडकतात ती रीत एकट्या बासरीला साधली असती असे मला वाटत नाही. तो अजून मान्य करत नाही.